युरोपचा जावई

महाराष्ट्रात जावयाकडे आपण जावई असल्याचा पुरावा कोणी मागत नाही. लग्न लागले की त्याचे मानपान ठरतात आणि दर तीनेक वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात अनारशांचे वाण स्वीकारण्यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली जात नाही. युरोपीय संघाच्या नागरिक असलेल्या स्त्रीशी विवाह करून संघातल्याच एखाद्या देशात राहणाऱ्या मराठी पुरुषाची स्थिती याच्या नेमकी उलट असते, कारण त्याचे जावईपण मुदतबंद असून ती मुदत त्याच्या पाकिटातल्या एका कार्डावर छापलेली असते. या मुदतीने एक स्वतंत्र मनुष्यप्रकार घडवला आहे. मूळचा पुण्याचा, नेदरलँड्समधल्या आइंदहोवनमध्ये राहणारा आणि जर्मन पत्नी असलेला गृहस्थ त्याचा नमुना म्हणून येथे घेतला आहे. स्त्रियाही या वाटेने जातात, परंतु कागद हाती आला की त्या विषय सोडून देतात, पुरुष मात्र त्याचा व्यासंग करतात.

या व्यासंगाचा मूळ ग्रंथ म्हणजे २९ एप्रिल २००४ चा, २००४/३८ या क्रमांकाचा निर्देश. प्रत्येक सदस्य देशाने आपापल्या कायद्यात उतरवून घ्यायचा असा जो संघाचा कायदा असतो त्याला निर्देश म्हणतात, आणि हा निर्देश संघाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहण्याचा, तर त्याच्या जोडीदाराला, तो भारतासारख्या संघाबाहेरच्या देशाचा असला तरी, सोबत राहण्याचा व नोकरी करण्याचा हक्क देतो. जोडीदाराचा हा हक्क साधित, म्हणजे पत्नीच्या हक्कातून निघालेला असतो, आणि त्याची साक्ष म्हणून सर्वसाधारणपणे पाच वर्षे मुदतीचे निवासपत्र मिळते. मौज अशी, की हे पत्र हक्क देत नाही, असलेला हक्क केवळ नोंदवते, आणि पत्र हाती नाही म्हणून हक्क अडवता येणार नाही असे पंचविसावे कलम स्पष्ट बजावते. गृहस्थाला हे कलम पाठ असते; विमानतळाच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याला ते पाठ नसते, हेही त्याला पक्के ठाऊक असते, आणि त्याचा पुढचा सगळा स्वभाव या दोन गोष्टी एकाच वेळी ठाऊक असण्यातून तयार होतो.

त्याची फाइल हे या स्वभावाचे दृश्य रूप होय. दहाव्या कलमाने मागता येणाऱ्या कागदांची यादी मुद्दाम आखूड ठेवली आहे: वैध पासपोर्ट, नात्याचा पुरावा, आणि पत्नी त्या देशात रीतसर राहत असल्याचा दाखला, एवढेच काय ते मुख्य. अधिक काही मागण्याची मुभा कार्यालयाला नाही, परंतु अधिक काही देण्यापासून अर्जदाराला परावृत्त करणारे कलम कोणाला सुचलेले दिसत नाही. महापालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, त्यावरील अपोस्टिल, म्हणजे हेग करारानुसार कागदाच्या खरेपणाची ग्वाही देणारा आणि भारतात २००५ पासून चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि शपथबद्ध अनुवादकाने केलेले भाषांतर, यांच्या पाठोपाठ तो लग्नपत्रिका जोडतो, जिच्यात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ येथपासून ‘कृपया आहेर आणू नये’ येथपर्यंतचा मजकूर संपूर्ण असतो आणि वधूच्या जर्मन नावापुढे छापखान्याने स्वतःच्या जबाबदारीवर ‘चि. सौ. कां.’ लावलेले असते. त्यामागे फोटो येतात. त्यांत अंतरपाटाचा फोटो सर्वांत वर ठेवण्याची त्याची पद्धत आहे, कारण विधीतला तोच सर्वांत पवित्र क्षण. मात्र त्या फोटोत वधूवरांच्या मध्ये भलेमोठे कापड धरलेले असून दोघे एकमेकांना पाहूही शकत नाहीत, तेव्हा विवाह खरा असल्याचे डच अधिकाऱ्याला पटवण्याच्या कामी तो कितपत येईल, हा विचार त्याला शिवत नाही.

विवाह केवळ कागदासाठी केल्याचे उघड झाल्यास हक्क काढून घेण्याची तरतूद पस्तिसाव्या कलमात आहे, आणि हे कलम आपल्याला उद्देशून लिहिले आहे असे मानणारा या प्रकाराइतका निष्पाप माणूस सापडणे कठीण. घरभाड्याचा करार, विजेचे बिल, कचऱ्याच्या कराची पावती, सगळ्यांवर दोघांची नावे असावीत असा त्याचा आग्रह असतो. वास्तविक पतिपत्नींनी एकाच छपराखाली राहिलेच पाहिजे असे नाही, हे लुक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १९८५ मध्येच, बर्लिनमध्ये फ्रेंच पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या एका सेनेगली स्त्रीच्या दाव्यात ठरवून टाकले आहे, आणि तोही निर्णय गृहस्थाच्या संग्रही असतो. पत्नी रागावून दोन दिवस मैत्रिणीकडे राहून आली, तर या अनुपस्थितीने कायद्याने काही बिघडलेले नाही असे तो तिला निर्णयाच्या आधारे समजावून सांगतो, आणि समेट आणखी दोन दिवस लांबतो.

पत्नीच्या नोकरीविषयी त्याला वाटणारी आस्था तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. तिने साहेबावर चिडून राजीनाम्याची भाषा काढली की इतर नवरे धीर देतात किंवा घराच्या हप्त्याची आठवण करून देतात. हा गृहस्थ सातवे कलम काढतो. वर्षाहून अधिक काळ काम केलेल्या व्यक्तीची नोकरी तिच्या इच्छेविरुद्ध गेली आणि तिने रोजगार कार्यालयात नाव नोंदवले, तर त्या कलमानुसार तिचा कामगार हा दर्जा टिकतो, आणि त्या दर्जावर नवऱ्याचे निवासपत्र टिकते. खुशीने दिलेल्या राजीनाम्याला ही सवलत नाही. म्हणून राजीनामा देऊ नये, कंपनीनेच काढून टाकेपर्यंत धीर धरावा, असा सल्ला तो देतो. पत्नीला हवी असते ती साहेबाची निंदा. तिला मिळते ते पोटकलम.

प्रवासाबाबतही तो असाच दक्ष असतो. वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंत देशाबाहेर राहिल्याने निवासपत्राला बाधा येत नाही, असे अकरावे कलम सांगते. गृहस्थाची रजा आंब्याच्या दिवसांतला पंधरवडा आणि गणपतीचा आठवडा यांतच संपते, तरीही प्रत्येक बोर्डिंग पास तारीखवार लावलेला असतो. सहा महिने रजा देणारी कंपनी अद्याप निघालेली नाही, पण निघाली तर तो तयार आहे.

गणेशोत्सवाच्या जेवणावळीत या विद्वत्तेला मागणी येते, आणि तेथे त्याला आपल्याहून दुर्दैवी असा एक भाऊबंद भेटतो, तो म्हणजे डच पत्नीचा भारतीय पती. निर्देश लागू होतो तो स्वदेश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या नागरिकाला. स्वतःच्याच देशात राहणाऱ्या डच स्त्रीच्या नवऱ्याला डच कायदा लागतो, आणि त्या कायद्यानुसार १५ मार्च २००६ पासून अशा जोडीदाराला नेदरलँड्समध्ये येण्यापूर्वीच डच भाषेची व समाजाच्या ओळखीची परीक्षा द्यावी लागते. अशा रीतीने डच बाईच्या नवऱ्याला डच यावे लागते आणि जर्मन बाईच्या नवऱ्याला डचही येण्याची गरज नाही व जर्मनही, हा न्याय आपला गृहस्थ अतिशय सहानुभूतीने आणि अतिशय सविस्तर समजावतो. शेजारच्या बेल्जियममध्ये काही काळ खरोखर राहून मग परतणे हा त्यावरचा प्रसिद्ध तोडगा; तो सांगताना त्याचा आवाज किंचित खाली येतो, यद्यपि त्यात बेकायदा काहीच नाही.

गोव्यातून आलेली शाखा मात्र अधिक गुंतागुंतीची असून तिच्यापुढे पुणेकरही गप्प होतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या आधारे लिस्बनमध्ये नोंद करून पत्नीने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले असते, पतीने घेतलेले नसते. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने बार्देशात जन्मलेल्या या स्त्रीला माहेरच्या गणपतीला यायचे तर व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचे कार्ड लागते, तर नवऱ्याला युरोपात राहायला तिच्या नावाचे निवासपत्र लागते. एका घरात दोन फाइली असतात आणि विमान ज्या दिशेला जाणार असेल त्या दिशेच्या फाइलीचा मालक प्रवासापूर्वी चिडचिडा होतो. इंग्लंडातील स्विंडनमध्ये स्थिरावलेल्या याच शाखेला ब्रेक्झिटनंतर कार्डाऐवजी संगणकावरील नोंद मिळाली, आणि हाती धरायला काहीच उरले नाही म्हणून तिच्यातले जुने जाणते त्या पडद्याचीच छापील प्रत घडी घालून पाकिटात ठेवतात.

सलग पाच वर्षे रीतसर वास्तव्य झाले की कायम वास्तव्याचा हक्क आपोआप उत्पन्न होतो, आणि निवासपत्राची मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास दर दहा वर्षांनी आपोआप नूतनीकरण होणारे नवे पत्र मिळते. आपोआप हा शब्द एकाच प्रकरणात दोनदा आल्याने गृहस्थ अस्वस्थ होतो, सर्व कागद पुन्हा जोडतो आणि नवे पत्र घेतो. त्याच सुमारास पत्नी जेवताना सहज म्हणते, की आईवडील थकले आहेत, सीमा जवळच आहे, आता आखेनला परत जावे. जर्मन पत्नी जर्मनीत परतली की तिला लागू होणार तिचाच कायदा, आणि २००७ पासून त्या कायद्यात जोडीदाराला प्राथमिक जर्मन येण्याची अट आहे, हे त्याला घास गिळण्यापूर्वी आठवते. आणि लगेच आठवतो तो सुरिंदर सिंग या भारतीयाच्या खटल्यातील १९९२ चा निर्णय, ज्याने ब्रिटिश पत्नीसह जर्मनीत काम करून इंग्लंडला परतलेल्या पतीला युरोपीय हक्क सोबत नेण्याची वाट मोकळी करून दिली. अट एकच, की परदेशातील वास्तव्य खरेखुरे असले पाहिजे. तेव्हा सासूबाईंच्या प्रकृतीची चौकशी करून तो पत्नीला सुचवतो, की घर सोडण्याआधी तिने इथल्या दंतवैद्याची मागील पाच वर्षांची बिले तेवढी मागवून घ्यावीत.