चौकातला पुरावा, कोर्टातला पुरावा

ठाणे जिल्ह्यात पुरावा दोन जातींचा आढळतो. एक कोर्टात चालतो, दुसरा चौकात. कोर्टातल्या पुराव्याला पंच लागतात, पंचनामा लागतो, लाखेचे सील लागते, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. आणि एवढे सगळे जमवूनही समोरचा वकील उलटतपासणीत त्याची साले काढतो. चौकातल्या पुराव्याला फ्लेक्स पुरतो. तो एका रात्रीत छापून मिळतो, त्याची उलटतपासणी होत नाही आणि त्यावर नेत्याचा फोटो असल्याने तो फितूर होण्याची भीती नसते. (अलीकडच्या महाराष्ट्रात ही शेवटची हमी देणे कठीण झाले आहे.)

दोन्ही जाती एकाच जागी पाहायच्या तर बदलापूर प्रकरणाइतके सोयीचे उदाहरण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा नोंदवायला सुमारे १२ तास लागले. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा, म्हणजे तो वाचायला पोलीस ठाण्याला एक तप मिळाले होते. १६ ऑगस्टच्या रात्री गुन्हा नोंदला गेला, दुसऱ्या दिवशी शाळेतला सफाई कर्मचारी अक्षय शिंदे याला अटक झाली आणि २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या माणसाला अनुभवाने ठाऊक असते की लेखी अर्जाची पोच मिळायला खेपा घालाव्या लागतात, थांबलेल्या लोकलची पोच मात्र थेट मंत्रालयात मिळते. तीही मिळाली. मंत्री गिरीश महाजन स्थानकावर आले. तीन पोलीस निलंबित झाले, आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले, उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील म्हणून आणण्याचे जाहीर झाले. संध्याकाळी लाठीमार झाला. आंदोलकांवरचे गुन्हे नोंदवायला पोलिसांनी उशीर केला, अशी तक्रार मात्र आजवर कोणी केलेली नाही.

याच दिवसांत पुराव्याचा आणखी एक उपप्रकार समोर आला. आंदोलकांच्या हातात लाडकी बहीण योजनेवरचे छापील फलक होते. फलक छापलेले, म्हणजे तयारी आधीची. तयारी आधीची, म्हणजे आंदोलन राजकीय, असा निष्कर्ष तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या बाजूने मांडला गेला. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी इतक्या झटपट जुळवल्याची उदाहरणे तपास यंत्रणांच्या दप्तरी फारशी नसावीत. महिनाभराने मुंबईत दुसरे छापील फलक लागले, तेव्हा हे छपाईचे शास्त्र कोणी लावून पाहिले नाही.

कॅमेरा हा तिसरा, बेभरवशाचा साक्षीदार. बदलापूरच्या शाळेतले १५ दिवसांचे सीसीटीव्ही चित्रण सापडत नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले. यावरून जिल्ह्यातले कॅमेरे चालतच नाहीत असा समज करून घेणे अन्यायाचे ठरेल. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड आणि शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्या वादात गोळीबार झाला. तिथला कॅमेरा चोख चालू होता आणि त्याचे चित्रण जिल्ह्यातल्या बहुतेक मोबाइलवर पोहोचले. आमदारांनी तर गोळ्या आपणच झाडल्याचे एका वाहिनीला फोनवर सांगितले, त्यामुळे जबाबाचा पहिला मसुदा पोलिसांच्या आधी प्रेक्षकांना मिळाला. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी खटल्यात दिला होता. तो कोठडीतल्या माणसाच्या रक्षणासाठी होता. उल्हासनगरात पहिला उपयोग साहेबांच्या केबिनमध्ये झाला.

पोलिसांच्या गाडीत मात्र कॅमेऱ्याला जागा नसते. २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी बदलापूरचा आरोपी अक्षय शिंदे याला तळोजा कारागृहातून, त्याच्या पत्नीने केलेल्या दुसऱ्या तक्रारीच्या तपासासाठी, ठाण्याकडे आणले जात होते. पोलिसांच्या कथनाप्रमाणे मुंब्रा बायपासवर त्याने एका सहायक निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावले, गोळी झाडली, सहायक निरीक्षकाच्या मांडीला लागली, आणि पुढे बसलेल्या वरिष्ठ निरीक्षकाने स्वसंरक्षणार्थ झाडलेली गोळी आरोपीच्या डोक्यात लागली. आधी त्याला बेड्या होत्या. पाणी मागितल्यामुळे त्या काढल्या होत्या, असे नंतर न्यायालयात सांगण्यात आले. मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला तहान लागते, एवढा भाग स्थानिक अनुभवाशी जुळतो.

हिसकावलेले पिस्तूल हे भारतीय पोलिसी कथनात वरचेवर भेटते. हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी मारले गेले, तेव्हा ते होते. कानपूरजवळ जुलै २०२० मध्ये गुंड विकास दुबे मारला गेला, तेव्हाही. कानपूरच्या चौकशी आयोगाला पोलिसांचे म्हणणे खोडणारा पुरावा मिळाला नाही. हैदराबादच्या आयोगाचे प्रमुख होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आणि त्यांनी पोलिसांचे कथन विश्वासार्ह नाही, गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाला, असे लिहून ठेवले. कमरेचे हत्यार सांभाळता येत नाही अशी पोलीस दलाची बदनामी खुद्द पोलिसांच्या फिर्यादींनी जितकी केली आहे, तितकी कोणत्याही विरोधी पक्षाला जमलेली नाही.

तारखेचा एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. चकमकीत मृत्यू झाल्यावर काय करायचे याची १६ कलमी नियमावली सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात घालून दिली. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू हा त्या खटल्याचा विषय होता. स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, वापरलेली शस्त्रे तपासणीसाठी जमा करणे, आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक न देणे, ही त्यातली काही कलमे. निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. मुंब्रा बायपासवर त्याचा दहावा वर्धापनदिन साजरा झाला.

त्यानंतरचे काही दिवस चौकातल्या पुराव्याच्या भरभराटीचे. बदलापुरात पेढे वाटले गेले. तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हाती शस्त्र दाखवणारे ‘बदला पूरा’चे फलक मुंबईत झळकले. महिन्यापूर्वी भर फलाटावर फाशी मागणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले पक्ष आता चौकशी मागू लागले, आणि महिन्यापूर्वी कायद्यावर विश्वास ठेवा म्हणणारे पक्ष श्रेय कोणाचे यावर एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये या विषयावर तीन मते आढळली. ‘बरे झाले’ हे पहिले. ‘बरे झाले, पण असे व्हायला नको होते’ हे दुसरे, आणि ते साधारणपणे खिडकीजवळ बसलेल्यांचे असते. शाळेच्या संचालकांना वाचवण्यासाठी हे घडवले गेले, हे तिसरे. तिन्ही मतांना कागद लागत नसल्यामुळे ठाणे येईपर्यंत तिन्ही सिद्ध झालेली असत.

कोर्टातल्या पुराव्याचा मामला याच्या उलट. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने दोनच दिवसांत असे प्रश्न विचारले, जे वाहिन्यांवरच्या आठ चौकटींतल्या आठ तज्ज्ञांना सुचले नव्हते. गोळी पायावर का झाडली नाही? गाडीतल्या इतक्या पोलिसांना एक माणूस का आवरला नाही? न शिकलेल्या माणसाला पिस्तूल चालवणे इतके सोपे असते काय? याला चकमक म्हणणे कठीण आहे, असेही खंडपीठाने म्हटले. मधल्या काळात सर्वांत मोठा पुरावा, म्हणजे मृतदेह, जागेविना पडून होता. गरज पडल्यास पुन्हा तपासता यावा म्हणून दहनाऐवजी दफन करायचे ठरले. पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात त्याला विरोधच विरोध. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन झाले. पुरावा जपण्यासाठी जमिनीत पुरावा लागल्याची नोंद फौजदारी प्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत स्वतंत्रपणे व्हायला हरकत नाही.

दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल २० जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयात उघडला गेला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि गाडीतले पाच पोलीस या मृत्यूला जबाबदार आहेत, असा निष्कर्ष होता. मग ठाण्याच्या सत्र न्यायालयाने पोलिसांच्या अर्जावर अहवालातले काही निष्कर्ष स्थगित ठेवले. सरकारने अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांचा आयोग आधीच नेमलेला असल्याने, एक चौकशी चालू असताना दुसरीची घाई कशाला, हा युक्तिवाद हाताशी होताच. एकाच घटनेवर राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, दंडाधिकारी आणि आयोग असे तिघे काम करत असले, की तिघांनाही इतर दोघांची वाट पाहण्याची मुभा मिळते.

फेब्रुवारीत मृताच्या आईवडिलांनी खटला पुढे चालवायचा नाही असे न्यायालयाला सांगितले. पुराव्याच्या शास्त्रात याला काय म्हणावे ते ठरलेले नाही. ठाणे जिल्ह्यात अशा पालकांना घर भाड्याने मिळते का, हा प्रश्न त्या शास्त्रात येत नाही. न्यायालयाने विषय बंद केला नाही. न्यायमित्र नेमला आणि ७ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे सहपोलीस आयुक्त लख्मी गौतम यांच्या देखरेखीखाली विशेष तपास पथक स्थापून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मुलींच्या पालकांना जे १२ तासांत मिळाले, त्यासाठी इथे सहा महिन्यांहून अधिक काळ गेला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात आदेशात दुरुस्ती झाली: पथक पोलीस महासंचालकांनी नेमावे. पोलिसांचा तपास कोणत्या पोलिसांनी करायचा, हे यामुळे देशाच्या सर्वोच्च पातळीवर निश्चित झाले.

अशा तपासाला किती काळ लागतो याचे माप उपलब्ध आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोव्यात लखनभैया पोलिसांच्या कथित चकमकीत मारला गेला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवले आणि चकमकफेम अधिकारी प्रदीप शर्मा यांना निर्दोष सोडले. पुढे ते ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख झाले, २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले आणि पडले. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोषता रद्द करून जन्मठेप दिली. त्या खंडपीठातही न्यायमूर्ती मोहिते डेरे होत्या. शर्मा यांचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ ते २०२४ म्हणजे १७ वर्षे चार महिने. या मापाने मुंब्रा बायपासचे प्रकरण अजून रांगते आहे.

राहिला बदलापूरचा मूळ खटला. विशेष तपास पथकाने आरोपपत्र तयार केले होते, विशेष वकील नेमलेले होते, खटला जलद चालवण्याची घोषणा झालेली होती. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्यावरचा खटला कायद्याने संपतो, त्याप्रमाणे तो संपला. त्यात एकही साक्षीदार तपासला गेला नाही, एकही पंच पिंजऱ्यात आला नाही, आणि दोन्ही मुलींच्या बाजूने जमवलेल्या पुराव्यावर कोणत्याही न्यायाधीशाने दोषी किंवा निर्दोष असा शब्द लिहिला नाही.