ध्रुवबाळ

कालनिर्णयात संकष्टी शोधणारे डोंबिवलीत घरोघरी आहेत. अमावास्या शोधणारा आमच्या मजल्यावर एकच. वय चाळिशीकडे झुकलेलं, नोकरी बँकेत, खांद्याला कायम काळी बॅग. सोसायटीने त्याचं नाव ध्रुवबाळ ठेवलंय, कारण गच्चीवर पाऊल टाकलं की याचा पहिला प्रश्न, "ध्रुव दिसतोय का?"

दिसत नाही. आपल्याकडे ध्रुव मुळात क्षितिजापासून १९ अंशांवर, आणि नेमका उत्तरेला नवा टॉवर उभा राहिलेला. "बिल्डरने माझा ध्रुव खाल्ला," असं तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पार्किंगचा विषय चालू असताना, बोलला होता.

त्याला ताऱ्यांचे फोटो काढायचे असतात, आणि ध्रुवाशी त्याचं काम असं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे मिनिटभर शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या शेवया होतात. म्हणून कॅमेऱ्याखाली ट्रॅकर, जो त्याच वेगाने उलटा फिरतो. पण ट्रॅकरचा आस खऱ्या खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि ध्रुवतारा त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला. म्हणजे तोही गोल फिरतो! हे त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याचे वडील, अप्पा, दुखावले. "मग त्या पोराला देवाने अढळपद म्हणून काय दिलं?"

शेवटी तो वांगणी गाठतो. बदलापूरच्या पुढे आकाश जरा काळं होतं. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनामुळे मुंबईकरांना हे स्टेशन ठाऊक आहे. कर्जत लोकलमध्ये ट्रायपॉड बघून कुणीतरी विचारतंच, "शूटिंग का?" "हो." "कोण आहे हिरॉइन?" "देवयानी." खोटं काहीच नाही. फक्त ती २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे.

एकदा मीही गेलो होतो. कुडकुडत बसलो होतो. व्याध लखलखत होता, मृगाचा बाण पोटात रुतलेला स्पष्ट दिसत होता, आणि हा मात्र कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर एकच तारा दहापट मोठा करून फोकस करतोय. मी म्हटलं, "अरे, वर बघ की!" तर म्हणे, "थांबा, हलू नका, जमीन हादरते." साठ सेकंदांचे १२० फोटो घ्यायचे होते. नव्वदाव्याला लेन्सवर दव धरलं. त्याआधीच्यांतल्या काहींतून विमानं गेली, एकात बाइकचा हेडलाइट. पहाटे त्याने मला मृगाचा तेजोमेघ दाखवला. करड्या पडद्यावर पुसट डाग. चहा सांडल्यासारखा. "सिंगल फ्रेम आहे ही. स्टॅक झाल्यावर बघा."

हे त्याचं पालुपद. पुढचे आठ दिवस लॅपटॉप ते फोटो एकावर एक रचतो, घरात पंख्यासारखा आवाज येतो, आणि वहिनी सांगतात, "अहो, त्यांचं चाललंय." शेवटी डागातून गुलाबी पंख उघडतात, आणि मला मान्य करावं लागतं की १३०० वर्षांपूर्वी निघालेला उजेड एवढा सुंदर असेल असं चहाच्या डागावरून वाटलं नव्हतं. मी तोंडभरून कौतुक करतो. त्याचा चेहरा पडलेलाच. "डेटा कमी पडला."

पावसाळ्याचे चार महिने तो सुतकात असतो. लेन्स सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात, तो खिडकीत. लग्नकार्यं मात्र एकही चुकवत नाही, अमावास्येला मुहूर्त नसतात ना!

तक्रार फक्त अप्पांची. लेन्सवरच्या धुळीचे डाग आणि कोपऱ्यांतला अंधार काढायला 'फ्लॅट' नावाचे फोटो लागतात. त्यासाठी लेन्सवर पांढरं कापड ताणून उजाडत्या आकाशाकडे धरायचं. ते कापड म्हणजे अप्पांचं बनियन. दर अमावास्येला एक गायब. "भोक असलेलं चालत नाही त्याला," अप्पा चडफडतात, "नवंकोरंच नेतो."

परवा त्यांच्या हॉलमध्ये तेजोमेघाची फ्रेम लागली. पाहुणे आले होते. ध्रुवबाळ एक्स्पोजर समजावून सांगायला घसा खाकरतोय, तोवर अप्पा आरामखुर्चीतून म्हणाले, "यात माझं बनियन आहे."