मशीनशांतीचा सोपा विधी

पहिली गोष्ट, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा. तो कुणी आणून दिला याची चौकशी मागाहून करता येईल. मशीन दोरा तोडायला लागली की घरातली एक व्यक्ती, जिने जन्मात शर्टाचं बटण लावलेलं नसतं, नेमकी हे हत्यार घेऊन उगवते आणि म्हणते, "तो स्क्रू जरा आवळून बघ ना."

तो स्क्रू वरच्या दोऱ्याचा ताण ठरवतो. दोरा दोन चकत्यांमधून जातो आणि त्या चकत्या किती घट्ट दाबायच्या, एवढंच त्याचं काम. सबंध मशीनमध्ये इतका निरपराध भाग दुसरा नाही आणि इतकी शिक्षा भोगलेलाही दुसरा नाही. कारण तो समोर असतो, चकाकतो आणि मुख्य म्हणजे फिरवता येतो. घरात कपबशी फुटली की जो हाताशी सापडेल त्यालाच बोलणी बसतात, तसं त्याचं आहे. म्हणून या विधीचा मूळ नियम असा: इतर सर्वांची जबानी झाल्याखेरीज या स्क्रूला हात लावायचा नाही.

मुहूर्त आपल्या हातात नसतो. पायपुसण्याचे चार-चार पदर निमूटपणे ओलांडणारी मशीन उद्याच्या हळदीकुंकवाला घालायच्या खणाच्या ब्लाउजवर आली की टाके सोडते. रात्रीचे साडेदहा झालेले असतात, एक बाही लागलेली असते, दुसरी टाचणीवर असते. बिनबाह्यांच्या ब्लाउजची फॅशन पुन्हा आली आहे का, हा विचार या क्षणी मनात येतोच. तो यावा, पण त्यावर अंमल करू नये.

आता कापड उलटं करून पाहावं. खालच्या अंगाला दोऱ्याचं घरटं झालेलं दिसेल. ते दिसताच बहुतेक मंडळी बॉबिन केस उपसून काढतात. मुद्देमाल खाली सापडला म्हणजे आरोपी खालचाच, असा तर्क. प्रत्यक्षात घरटं खाली झालं की दोष बहुधा वर असतो. सुई खाली जाते आणि किंचित वर येते, तेव्हा तिच्या नाकाजवळ दोऱ्याचा एक इवलासा फास तयार होतो. शटलचं टोक तो उचलतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग उरलेला दोरा वर ओढून घ्यायचा असतो. पण चकत्यांमध्ये दोरा बसलेलाच नसेल, तर त्याला आवरणार कोण? तो खालीच लोळत राहतो, त्यावर पुढचा फास, त्यावर आणखी पुढचा. आणि दोरा चकत्यांत का बसत नाही? कारण ओवताना पाय खाली टेकलेला होता. आपला नव्हे, कापड दाबणारा. तो उचलला की चकत्या सैल होतात. नाहीतर दोरा त्यांच्यावरून नुसता घसरत जातो.

तेव्हा पाय वर करून दोरा पार काढावा आणि रिळापासून पुन्हा ओवावा. "मी बरोबरच ओवला होता" हे वाक्य मनात म्हणायला हरकत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर सुई. सुई तुटेपर्यंत चांगलीच असते, अशी आपल्याकडे गाढ श्रद्धा आहे. बोथट सुई कापडात शिरताना टप्प, टप्प असा आवाज करते. तो सगळ्या घराला ऐकू जातो, फक्त शिवणाऱ्याला जात नाही. वडापावापेक्षा स्वस्त मिळणारी वस्तू वर्षानुवर्षं न बदलण्यामागे काटकसर नसून कसलीशी भावनिक गुंतवणूक असावी. नवी सुई लावताना नीट न्याहाळावी. एका अंगाला लांब खाच असते, दुसऱ्या अंगाला वरचा भाग सपाट असतो, आणि दोरा खाचेच्या बाजूनं ओवायचा असतो. सुई उलटी बसली तर शटलला फास सापडत नाही आणि मशीन मोठ्या उत्साहानं कापडाला नुसती भोकं पाडत पुढे जाते. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते. चिरंजीवांची जीन्स आखूड करायची तर १६ किंवा १८. ब्लाउजवाली सुई जीन्सवर घालून मग मशीनच्या नावानं खडे फोडणं हे विधीत बसत नाही.

मग सुईखालची पट्टी काढावी. कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांच्या मधोमध लोकरीसारखी एक दाट गादी जमलेली असेल. ती टाचणीनं अलगद सोडवली तर थराथरानं निघते: वर ब्लाउजचा हिरवा, खाली शाळेच्या गणवेशाचा निळा, त्याखाली परकराचा लाल. एवढा इतिहास अंगावर घेऊन कोण सुरळीत चालेल? तेलाबद्दल इतकंच की खोबरेल डोक्याला लावावं. डिसेंबरात ते बाटलीत गोठतं तसं मशीनच्या पोटातही गोठतं, आणि पुढे त्याचा चिकटा होतो तो रॉकेलशिवाय निघत नाही.

आता रागाचा प्रश्न. मशीनला एकेरीत बोलायला मुभा आहे, बाई-बाबा करायलाही आहे. मात्र पायमशीनवर रागानं पाय मारू नये. तालाबाहेर पाय पडला की चाक उलटं फिरतं, उलट्या चाकानं दोरा गुंततो, गुंत्यानं राग वाढतो आणि पाय पुन्हा तालाबाहेर पडतो. अशी मशीन विजेशिवाय रात्रभर चालू शकते.

यंत्रावर राग काढण्याला परंपरा आहे, हे खरं. १८३१ साली पॅरिसमध्ये शिंप्यांच्या जमावानं बार्तेलेमी तिमोनिए यांच्या, सैन्याचे गणवेश शिवणाऱ्या मशीनी फोडून टाकल्या. पोटावर पाय येईल या भीतीनं, असं इतिहास सांगतो. विशेष म्हणजे त्या मशीनींना बॉबिन नव्हती. त्या एकाच दोऱ्याची साखळी घालत. बॉबिन असती तर पॅरिस उरलं असतं की नाही, सांगवत नाही. उलट यंत्रांबद्दल एवढं बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र आपल्या आक्षेपातून सूट दिली. महात्मा उगीच म्हणत नाहीत.

खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करावी, झेंडू वाहावा. फक्त हळदकुंकू तेलाच्या भोकात जाणार नाही एवढं पाहावं. पुढच्या दुरुस्तीचं ते एक स्वतंत्र कारण असतं.

सगळं करून झालं तरच त्या स्क्रूची पाळी. वर एका रंगाचा आणि बॉबिनला दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चिंधीवर शिवून पाहावं. बॉबिनचा रंग वर डोकावला तर स्क्रू सैल करायचा, वरचा रंग खाली डोकावला तर आवळायचा, तोही पाव फेरा. मेकॅनिक बोलवावा लागलाच तर तो आधी चिंधी मागतो, एक टीप मारतो आणि विचारतो, "फिरवलाय कुणी?" अशा वेळी स्क्रूड्रायव्हरवाली व्यक्ती गच्चीवर पाणी आलंय का ते बघायला गेलेली असते. तिचं नाव घेऊ नये. पुढच्या वेळी मशीन उचलायला लागतेच.

मशीन चालू लागली, की टाक्याचा तो एकसारखा आवाज भिंतीपलीकडे जातो, हे ध्यानात ठेवावं. बाही पुरी होते न होते तोच बेल वाजेल आणि शेजारच्या वहिनी पडद्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या असतील: "चालू दिसतेय मशीन, म्हटलं नुसत्या दोन सरळ टिपा आहेत." म्हणून आधी मशीनवर झाकण घालावं, झाकणावर इस्त्रीचे कपडे रचावेत, आणि मगच दार उघडावं.