आधी कॉलर, मग मैदान

गॉल्फ खेळताना शर्ट कसा असावा, या प्रश्नाने कडेगाव तालुक्यात अद्याप कुणाची झोप उडालेली नाही. तालुक्यात गॉल्फचे मैदान नाही, ही सबब मला पटत नाही. ज्या कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत आधी कळस आणि मग पाया अशा क्रमाने बांधले जातात, त्या गावाने मैदानाआधी ड्रेसकोड ठरवला तर बिघडले कुठे? टेंभू योजनेचे पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या उसापर्यंत यायला वर्षे गेली. गॉल्फच्या हिरवळीची पाळी येईपर्यंत शर्टाचे तरी उरकून घ्यावे.

मुंबई-पुण्याकडच्या क्लबांत नियम साधारण एकच. शर्टाला कॉलर हवी, बाह्या हव्यात आणि खालचे टोक पँटीत खोचलेले हवे. गोल गळ्याचा टी-शर्ट चालत नाही, जीन्स चालत नाही. एवढी कडक शिस्त म्हटल्यावर ती खेळाच्या नियमपुस्तकातूनच आली असणार, असे कुणालाही वाटेल. त्या पुस्तकात पिशवीत 14 काठ्यांपेक्षा जास्त काठ्या नेऊ नयेत असे लिहिले आहे. पंधरावी निघाली तर फटक्यांचा दंड बसतो. चेंडू सशाच्या बिळात गेला तर काय करायचे, याचीही सोय आहे. शर्टाला कॉलर हवी, असे मात्र त्यात कुठेही नाही. ते क्लबाच्या कमिटीचे काम, आणि कमिटी म्हणजे काय चीज असते हे सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात मी वेगळे सांगायला नको.

गंमत अशी की ज्या विणलेल्या, अर्ध्या बाह्यांच्या, दोन-तीन गुंड्यांच्या शर्टाला आज गॉल्फची परंपरा म्हणतात, तो मूळचा टेनिसचा. रेने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूने 1926 साली अमेरिकेच्या स्पर्धेत तो अंगात घातला. तेव्हा टेनिसवाले लांब बाह्यांचे, इस्त्रीचे कडक शर्ट घालून घामाघूम होत, आणि गॉल्फवाले तर कोट-टाय लावून खेळत. लाकोस्तच्या शर्टाची मऊ कॉलर उन्हात मानेवर उभी करता येई, हा तिचा उपयोग. आमच्याकडे तेच काम मानेभोवतीचा टॉवेल करतो. फक्त त्याच्यावर लाकोस्तच्या मगरीचे चित्र नसते.

बरे, ही परंपरा थोरामोठ्यांनी तरी पाळावी! 2005 साली टायगर वूड्सने ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकली ती कॉलर नसलेल्या लाल गळाबंद शर्टात. 2020 मध्ये टिरेल हॅटन इंग्लंडातल्या वेंटवर्थला टोपडे लावलेला स्वेटर घालून खेळला. तो जिंकला, आणि चर्चा झाली ती टोपड्याची.

आता आपल्या सरकारकडे वळू. मार्च 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. पुरुषांनी फिकट शर्ट आणि गडद पँट घालावी, शर्ट खोचलेला असावा, जीन्स आणि टी-शर्ट नको. वर डॉक्टरांच्या धर्तीवर नावाआधी ‘टि’ लावण्याची मुभा. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतला आमचा मास्तर रविवारी कॉलरवाला टी-शर्ट खोचून पुण्यात गेला, तर गॉल्फ खेळायला लायक. सोमवारी त्याच टी-शर्टात कडेगावात पाढे शिकवायला नालायक. पाढे आणि गॉल्फ यांतले जास्त गंभीर काम कोणते, याचा निकाल शासनाने परस्पर लावला, हे एका परीने बरे झाले.

आमच्या भागातला खरा मानाचा पोशाख मात्र या दोन्ही चाळण्यांतून गळतो. पांढराशुभ्र, खळ देऊन कडक केलेला शर्ट नेत्याच्या अंगावर असतो, आणि तो बाहेर सोडलेला असतो. खोचलेल्या शर्टाचा पुढारी मी पाहिला नाही. खोचलेला शर्ट दिसला की आम्ही त्याला बँकेचा वसुली अधिकारी समजतो. असा पुढारी चार गाड्या घेऊन क्लबाच्या फाटकाशी उतरला, तर ‘साहेब, जरा खोचून घेता का?’ हे म्हणण्याची छाती असलेला रखवालदार अजून जन्माला यायचा आहे.

साध्या वेशातल्या माणसापुढे मात्र नियमाला लगेच कंठ फुटतो. मुंबईचा विलिंग्डन क्लब 1918 साली निघाला तोच मुळी गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता म्हणून. त्याच क्लबाने 1988 मध्ये चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी आले म्हणून परत पाठवले. हुसेन जन्मले पंढरपुरात. तिथे आषाढीला अनवाणी पाय दिसले की लोक वाकून त्यांना हात लावतात. चेन्नईत 2014 साली एका क्लबाने वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना अडवले, तेव्हा तमिळनाडू सरकारला कायदाच करावा लागला. 2017 मध्ये दिल्लीच्या गॉल्फ क्लबात पारंपरिक खासी पोशाखातल्या एका पाहुणीला जेवणाच्या टेबलावरून उठवले. ती मोलकरणीसारखी दिसते, असे कारण सांगितले. बाकीचे क्लब निदान चपलेचा, धोतराचा नियम तरी पुढे करतात. दिल्लीकरांनी आडपडदा ठेवला नाही.

हे सगळे मी परवा स्टँडसमोरच्या टपरीवर एका निवृत्त मुख्याध्यापकांना सांगत होतो. अंगात नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, धोतराचा सोगा हातात. म्हणजे कोणत्याही क्लबाच्या हिशेबी आपादमस्तक अपात्र. एसएसपी चौरासिया हा दोनदा इंडियन ओपन जिंकलेला खेळाडू कोलकात्याच्या क्लबात गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा, हे ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी विचारले,

“काठ्यांची पिशवी कोण वाहतं?”

“कॅडी असतो, गुरुजी. पगारी पोरगा.”

“त्याच्या अंगात काय असतं?”

“क्लबाचा युनिफॉर्म.”

“कॉलर असती त्याला?”

“असते की. खोचलेला पण असतो.”

गुरुजींनी बशीतला चहा संपवला आणि मिशी पुसली.

“मग एखाद्या साहेबानं आपली पिशवी आपणच उचलली,” ते म्हणाले, “तर त्याला जेवायला आत सोडत्यात का रं?”