बँडसाधन: स्थलांतरेच्छू गृहस्थाने इंग्रजी परीक्षेची तयारी कशी करावी

स्थलांतराच्या व्हिसासाठी द्यावयाच्या इंग्रजी परीक्षेचा शास्त्रशुद्ध विचार करताना परीक्षार्थी कोण हे प्रथम निश्चित करावे लागते, कारण बावीस वर्षांचा विद्यार्थी आणि अडतीस वर्षांचा गृहस्थ यांचे इंग्रजी सारखेच असले तरी त्यांची दुखणी निराळी असतात. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या प्रकारापुरते मर्यादित आहे. 'गृहस्थ' या संज्ञेने येथे पुण्याच्या पश्चिमेकडील एखाद्या सोसायटीत राहणारा, हिंजवडीला नोकरीस असणारा, दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणारा आणि घरी आल्यावर कोणत्याही भाषेत चारांहून अधिक शब्द न खर्चणारा विवाहित संगणक अभियंता अभिप्रेत आहे. कॅनडाच्या 'पीआर'चा, म्हणजे तेथील कायम वास्तव्याच्या परवान्याचा, विचार त्याच्या मनात बहुधा ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना उगवतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते हे कळताच तो दुखावला जातो. पंधरा वर्षे परदेशी क्लायंटशी इंग्रजीत हुज्जत घातलेल्या माणसाने आपल्याला इंग्रजी येते हे पुन्हा कोणाला दाखवायचे, असा त्याचा सवाल असतो.

पहिला नियम असा की हा अपमान आधी गिळावा. परक्या देशाच्या दारात भाषेची परीक्षा घेण्याची प्रथा जुनी आहे आणि ती पूर्वी याहून पुष्कळ निर्लज्ज होती. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यान्वये येणाऱ्याला ५० शब्दांचा उतारा ऐकून लिहावयास लावण्याची सोय करून ठेवली होती, आणि हा उतारा कोणत्याही युरोपीय भाषेतून घालता येत असल्यामुळे, जो माणूस नको असेल त्याला न येणारी भाषा निवडणे एवढेच अधिकाऱ्याचे कौशल्य उरले. १९३४ साली एगॉन किश हा बहुभाषी पत्रकार तेथे पोचला तेव्हा त्याला स्कॉटिश गेलिक भाषेत उतारा घालण्यात आला. तो अर्थातच नापास झाला, आणि ती भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे असे तेथील उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ही पद्धत १९५८ मध्ये रद्द झाली. त्या मानाने कॅनडाची 'एक्सप्रेस एन्ट्री', म्हणजे २०१५ पासून चालू असलेली गुणानुक्रमाने अर्जदार निवडण्याची योजना, अधिक समदर्शी म्हणावी लागेल, कारण तेथे लंडनमध्ये जन्मलेल्या अर्जदारालाही भाषेची परीक्षा चुकत नाही. गृहस्थाने ही माहिती पाठ करून ठेवावी. ती परीक्षेत उपयोगी पडत नाही, पण सासऱ्यांपुढे पडते.

दुसरा नियम अंकगणिताचा आहे, आणि अभियंता असूनही गृहस्थ याच ठिकाणी हमखास चुकतो. आयईएलटीएस या परीक्षेचे ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असून प्रत्येकास शून्य ते नऊ यांमधील 'बँड', म्हणजे अर्ध्याअर्ध्याने चढणारी श्रेणी, मिळते. या चारींची सरासरी म्हणजे 'ओव्हरऑल', आणि नातेवाईक फोनवर विचारतात ती हीच. कॅनडा मात्र ओव्हरऑलकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या देशाची स्वतःची 'सीएलबी' नावाची भाषिक पातळ्यांची मोजपट्टी आहे, आणि तिची नववी पातळी गाठण्यासाठी ऐकण्यात ८ व उरलेल्या तिन्हींत प्रत्येकी ७ बँड पडावे लागतात. समजा, गृहस्थाला ऐकण्यात ९, वाचनात ९, बोलण्यात ८ आणि लेखनात ६.५ मिळाले, सरासरी ८.१२५ येते, ओव्हरऑल ८ लागतो, सोसायटीत पेढे वाटले जातात, आणि लेखनातल्या त्या अर्ध्या बँडपायी, पदव्युत्तर पदवी व तीन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या विवाहित अर्जदाराचे एकंदर पन्नासाहून अधिक गुण गेलेले असतात, कारण शिक्षण आणि अनुभव यांचे जादा गुणही चारही भागांत नववी पातळी गाठल्याखेरीज पुरते मिळत नाहीत. शिवाय तिशीपासून पुढे प्रत्येक वाढदिवसाला विवाहित अर्जदाराच्या वयाचे पाच गुण कमी होतात आणि चाळिशीनंतर दहा-दहा. तयारीला लागण्यासाठी 'जरा हा प्रोजेक्ट संपू दे' अशी वाट पाहणाऱ्याने केक कापताना हा हिशेब ध्यानात घ्यावा.

ऐकण्याच्या परीक्षेचा मूळ नियम असा की ध्वनिमुद्रण एकदाच वाजते. ज्याच्या संसाराची घडण 'काय म्हणालीस?' या प्रश्नावर झालेली आहे आणि ज्याला प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा, किंचित चढ्या आवाजात, ऐकण्याची सवय आहे, त्याच्यासाठी हा नियम किती घातक ठरतो हे वेगळे सांगावयास नको. उपाय घरातच आहे. कुटुंबीयांनी परीक्षेआधीचे दोन महिने कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगू नये. दूध संपले आहे, सिलिंडरवाला चारला येणार आहे, शाळेत पालकसभा गुरुवारी नसून शुक्रवारी आहे, हे सर्व एकदाच सांगावे आणि परिणाम भोगू द्यावेत. त्यातले शेवटचे वाक्य विशेष उपयुक्त आहे, कारण परीक्षेतील वक्ते आधी एक वार किंवा क्रमांक सांगून लगेच 'नाही, नाही' म्हणत तो बदलतात, आणि पहिलाच आकडा लिहून निर्धास्त झालेला परीक्षार्थी तेथे फसतो. 'दोनपेक्षा अधिक शब्द लिहू नयेत' अशी सूचना असेल तेथे तीन शब्द लिहिल्यास उत्तर बरोबर असूनही चूक धरले जाते, आणि अनेकवचनाचा एस राहिला तरी तोच प्रकार होतो.

वाचनाच्या परीक्षेत साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असतात आणि शब्दसंपत्तीपेक्षा मोठा अडथळा स्वभावाचा असतो. काही प्रश्नांत एक विधान देऊन ते उताऱ्याच्या आधारे खरे, खोटे, की उताऱ्यात त्याविषयी माहितीच दिलेली नाही, हे ठरवावयाचे असते. हा तिसरा पर्याय मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला सहन होत नाही. उतारा मधमाश्यांवर असो, कालव्यांवर असो वा एखाद्या कारखान्याच्या रजेच्या नियमांवर असो, त्याला त्या विषयातील काही ना काही आधीपासून ठाऊक असते, निदान तसे त्याला वाटते, आणि उताऱ्याने जे सांगितलेले नाही ते तो स्वतःच्या पदरचे घालून खरे करून सोडतो. आपल्याला माहीत असलेली गोष्ट तासभर माहीत नसल्यासारखे वागण्याचा सराव करावा. हा सराव व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर करणे उत्तम. पण ते कोणी करणार नाही.

लेखनाकडे वळताना गृहस्थाच्या चेहऱ्यावर प्रथमच आत्मविश्वास दिसतो, आणि तो अगदीच निराधार नसतो. स्थलांतरासाठीच्या 'जनरल ट्रेनिंग' प्रकारात पहिले काम पत्राचे असते, ते किमान १५० शब्दांत करावयाचे असते, आणि बऱ्याचदा ते पत्र तक्रारीचे निघते: घरमालकाने गळका नळ दुरुस्त केलेला नाही, शेजारी रात्री मोठ्याने गाणी लावतो, दुकानातून आणलेले यंत्र चालत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला वर्षानुवर्षे पार्किंगविषयी लिहीत आलेल्या माणसाला याहून सोपे काय असणार? तो वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटे घेतो, साडेतीनशे शब्द लिहितो, मागील पत्रव्यवहाराचा संदर्भ देतो, आणि प्रश्नाने विचारलेल्या तीन मुद्द्यांपैकी तिसरा विसरतो. खरी पंचाईत पत्र मित्राला लिहावयाचे असते तेव्हा होते. बऱ्याच दिवसांत न भेटलेल्या मित्राला सुट्टीत घरी बोलवा, एवढेच म्हटलेले असताना गृहस्थ 'विथ रेफरन्स टू द अबव्ह' अशी सुरुवात करून 'काइंडली डू द नीडफुल' येथे थांबतो, आणि त्या निमंत्रणावरून तो मित्र आलाच तर वकील घेऊन येईल. ज्याला मित्राशी कसे बोलावे हे इंग्रजीत जमत नाही त्याने शेवटचा फोन कोणत्या मित्राला कधी केला होता हे आठवून पाहावे. दोष सगळा भाषेचा नसतो.

दुसरे काम निबंधाचे. त्याला २५० शब्द, चाळीस मिनिटे आणि पत्राच्या दुप्पट वजन असते, म्हणूनच पत्रावर पस्तीस मिनिटे घालवणे हा आत्मघात ठरतो. विषय 'विज्ञान: शाप की वरदान' याच घराण्यातले असल्यामुळे शालेय संस्कार उफाळून येतात, प्रास्ताविकात सुविचार, मध्ये दोन्ही बाजू गुळमुळीत आणि शेवटी पुन्हा सुविचार. परीक्षकाला सुविचार नको असतो. तुमचे मत काय, असे विचारले असेल तर पहिल्या परिच्छेदात मत सांगावे, पुढे प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा घेऊन तो उदाहरणाने फोडावा, आणि जे मत सुरुवातीला होते तेच शेवटपर्यंत ठेवावे.

आता बोलण्याची परीक्षा. ती अकरा ते चौदा मिनिटांची असते आणि सबंध विवेचनाचा कस येथे लागतो. पहिल्या भागात परीक्षक कामाविषयी, गावाविषयी, फुले आवडतात का, पाऊस आवडतो का असे प्रश्न विचारतो. गृहस्थ 'येस' म्हणतो आणि थांबतो. त्याच्या मते उत्तर पूर्ण झालेले असते. अशा वेळी आवडण्याचे एक कारण आणि एक उदाहरण जोडावे, म्हणजे दोन-तीन वाक्ये होतात, हे कोणत्याही क्लासमध्ये सांगतात. फुले खरोखर आवडलीच पाहिजेत अशी अट नाही, कारण येथे सत्य तपासले जात नाही, ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार एवढेच तपासले जाते. पाठ केलेली उत्तरे मात्र परीक्षक लगेच ओळखतात. मनुष्य परीक्षक नकोच म्हणून काहीजण पीटीई या संगणकाने गुण देणाऱ्या परीक्षेकडे वळतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की तेथे तीन सेकंद गप्प राहिल्यास मायक्रोफोन बंद होतो, आणि २०१७ साली आयर्लंडमधील एक पशुवैद्य स्त्री, मातृभाषा इंग्रजी असताना, ऑस्ट्रेलियातील वास्तव्यासाठी याच यंत्रापुढे बोलली तेव्हा तिला हव्या असलेल्या ७९ ऐवजी ७४ गुण मिळाले होते.

दुसऱ्या भागात 'क्यू कार्ड', म्हणजे विषय आणि त्यावरचे तीन-चार मुद्दे लिहिलेली चिठ्ठी, हाती दिली जाते. एक मिनिट विचाराला, कागद-पेन्सिल टिपणाला, आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलावयाचे. याचा सराव रात्री जेवणानंतर टेबलावरच्या ताटल्या सरकवून करावा, बायकोने परीक्षक व्हावे आणि मुलीने मोबाइलवर वेळ लावावी. पहिले काही दिवस निष्फळ जातात. 'तुम्हाला आश्चर्य वाटले असा एक प्रसंग' या कार्डावर गृहस्थ मिनिटभर पंख्याकडे पाहून, आपल्याला कधी आश्चर्य वाटलेले नाही असे प्रामाणिकपणे सांगतो. 'अरे, काहीतरी बोल ना,' असे परीक्षक मराठीत म्हणते, जे नियमबाह्य आहे. आणि मग एका रात्री 'तुम्हाला मदत करणारी एक व्यक्ती' असे कार्ड निघते, आणि तो सांगलीला शिकत असताना खानावळ चालवणाऱ्या काकूंविषयी बोलू लागतो: वडिलांच्या साखर कारखान्यात पगार थकले होते, खानावळीचे पैसे द्यायला नव्हते, आणि काकू रोज त्याला पोटभर वाढून वहीत मात्र त्याच्या नावापुढे खाडा मांडत होत्या. 'शी वॉज पुटिंग ॲब्सेंट अँड गिव्हिंग चपाती,' असे तो म्हणतो. व्याकरणाच्या निकषावर हे वाक्य साडेपाचाच्या वर जाणार नाही. दोन मिनिटे होऊन जातात, अडीच होतात, आणि वेळ थांबवण्याचे कोणालाच सुचत नाही, कारण लग्नाला अकरा वर्षे होऊनही त्या घरात ही हकिगत कोणी ऐकलेली नसते. हेच मराठीत, पहिल्या वर्षी, एखाद्या रविवारी सांगितले असते तर काय बिघडले असते, हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या कक्षेबाहेरचा असला तरी विचारल्यावाचून राहवत नाही.

प्रत्यक्ष परीक्षेत ते कार्ड येत नाही. तेथे 'तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलात असा प्रसंग' येऊ शकतो, आणि वाकडच्या पुलाखालून रोज जाणाऱ्या माणसाला त्यावर दोन मिनिटे पुरत नाहीत. परीक्षक मध्येच थांबवतो. तो अपमान नव्हे, नियम आहे. दोन मिनिटे झाली की थांबवावेच लागते.

निकाल लागल्यावर एक शेवटची बाब उरते, जिच्याकडे मार्गदर्शक पुस्तके क्वचितच लक्ष देतात. पती-पत्नींपैकी ज्याचे गुण अधिक भरतात त्याने मुख्य अर्जदार व्हावे आणि दुसऱ्याने सोबतचा जोडीदार म्हणून नाव घालावे, हे शहाणपणाचे असते, आणि रोज रात्री कार्डे वाचून, उत्तरे ऐकून, चुका काढून जिचा सराव आपोआप झालेला असतो तिने सहज म्हणून दिलेल्या परीक्षेत ८, ८, ७.५, ८ मिळवलेले असतात. तेव्हा अर्ज तिच्या नावाने भरावा. जोडीदाराच्या भाषेला चार भागांचे मिळून कमाल वीस गुण असतात आणि प्रत्येक भागात सीएलबी नऊला पाच पडतात, त्यामुळे गृहस्थाचे कष्ट अगदीच वाया जात नाहीत. निकालपत्र दोनच वर्षे ग्राह्य धरले जाते. तेवढ्यात निवडीच्या फेरीत क्रमांक लागला नाही तर दोघांनाही परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि त्या वेळी गृहस्थाला क्लास लावायचा की नाही याचा निर्णय मुख्य अर्जदाराने घ्यावा.