ग्रेव्ही पातळ, जीभ तिखट!

काय हा रविवार म्हणायचा! इंग्लंडातली माणसं दुपारी गाडी काढून गावाकडच्या पबात जेवायला जातात, तिथवर कुणाची ना नाही. पण जेवायला जातात की परीक्षक म्हणून? ग्रेव्ही पातळ. बटाटे वातड. गाजरं कालची. बिअर मरगळलेली. एका ताटावर किती मतं द्यावीत, याला काही धरबंध? आणि हा सगळा न्यायनिवाडा कुठं, तर साखळीतल्या पबात, जिथला मेन्यू मुख्यालयात ठरतो आणि केंटच्या ताटात नि चेशायरच्या ताटात बोटभर फरक नसतो! लग्नात चार जिलब्या जास्तीच्या हाणून ‘मठ्ठ्यात मीठ कमी होतं’ म्हणणारे काका आठवले ना? तेच काका, फक्त अंगात ट्वीडचा कोट.

बरं, पबाचं सोंग तरी केवढं! छताच्या तुळया इतक्या खाली की उंच माणसाचं कपाळ शेकलंच पाहिजे. म्हणून तुळईवर ‘डोकं सांभाळा’ची पाटी. पेटलेली शेकोटी, खडूनं लिहिलेला फळा, आणि भिंतभर जुनी पुस्तकं, ज्यांना झटकणाऱ्या फडक्याखेरीज कुणी वाचक लाभलेला नाही. दारावर ‘रेड लायन’. वाटावं, सात पिढ्यांचा घरचा कारभार आहे. आणि मालक कोण? ‘शेफ अँड ब्रुअर’चे पब ग्रीन किंगचे. ही सफोकमधली १७९९ सालची कंपनी, आणि २०१९ पासून ती हाँगकाँगच्या सीके समूहाच्या खिशात. ‘व्हिंटेज इन्स’ची ती देखणी जुनी घरं आणि ‘टोबी कार्व्हरी’ची भरपेट जेवणाची दुकानं, दोन्ही एकाच मिचेल्स अँड बटलर्सची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हे कळल्यावर आपण ताडकन उठून बाहेर पडलो का? छे. शेकोटीजवळचं टेबल मिळेल का, असं विचारलं.

‘प्लाउमन्स लंच’ समोर आलं की काही जणांचा कंठ दाटून येतो. चीज, पाव, कांदा, लोणचं. बांधावर बसून इथला नांगरकरी शतकानुशतकं हेच खात आला म्हणे. पाव-चीज खात असेल बिचारा. पण या नावाचा डंका पिटला तो १९५० नंतर चीज विकणाऱ्यांनी. जाहिरातीला परंपरा समजून डोळे पुसणारे असे भाविक कुठं मिळायचे?

आणि बिअरचं नाव काढलंत की शिव शिव! मुलाकडे पुण्याहून आलेले बाबा पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवतात: “अरे, ही कोमट आहे!” कोमट नाही हो बाबा, तळघरातली आहे, अकरा ते तेरा अंश, अशीच प्यायची असते. बाबांना ते पटत नाही. पण महिना उलटू द्या. हेच बाबा ग्लास उजेडात धरून, डोळा बारीक करून म्हणतात, “ही आज जरा गढूळ वाटते. पिंप कधी उघडलं?” झाला बाटगा! आणि बाटग्याची बांग किती मोठी ते आपल्याला ठाऊकच आहे. पिंपाचा हिशोब आता बाबा इंग्रजांना सांगतात: नऊ गॅलन म्हणजे ७२ पाइंट, उघडल्यापासून तीनेक दिवसांत संपायला हवेत, आणि मंगळवारी ओस पडलेल्या पबात ते संपणार कसे? म्हणूनच गुरुवारी आंबूस लागते. (बरोबर बोलतात, हीच तर पंचाईत.)

फेसावरून तर देश दुभंगला आहे. उत्तरेत पंपाच्या तोटीला बारीक भोकांची चकती लावतात, स्पार्कलर. त्यातून दाट सायीसारखा फेस येतो. दक्षिणेतल्यांच्या मते हा बिअरचा दिवसाढवळ्या खून. पबवाल्यांच्या संघटनेनं तोडगा काढला आहे: फेस बसल्यावर पेल्यात किमान ९५ टक्के बिअर हवी, कमी वाटली तर मागून घ्यावी. उरलेल्या पाच टक्क्यांवर किती सोयरिकी मोडल्या असतील?

पण खरी बोंब उठली २०२३ साली. अस्सल बिअरचे सोवळे राखायला १९७१ मध्ये चार मित्रांनी काढलेली ‘कॅम्रा’ ही संघटना दरवर्षी ब्रिटनची सर्वोत्तम बिअर निवडते. त्या साली पहिली आली यॉर्कशायरची एलंड १८७२ पोर्टर. छान. आणि दुसरी? ग्रीन किंगची अ‍ॅबट एल! साखळी पबातली, कुठंही मिळणारी, जिला नाकं मुरडण्यात रसिकांची उमर गेली, ती अ‍ॅबट! केवढा हाहाकार! परीक्षक बहिरे की आंधळे? गंमत अशी की परीक्षण नाव झाकूनच होतं. म्हणजे पाटी दिसली नाही आणि जिभेनं खरं सांगून टाकलं. त्यानंतर कोपऱ्यात पाठ करून अ‍ॅबट पिणाऱ्या दाढीवाल्यांची संख्या वाढली असणार, अशी आपली एक दुष्ट शंका.

ताटाचेही कज्जे कमी नाहीत. २००८ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं, म्हणजे चक्क रसायनशास्त्रज्ञांनी, जाहीर केलं की चार इंचांहून बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. पाटीवर, फावड्यावर, चिमुकल्या बादलीत जेवण वाढतात म्हणून २०१५ मध्ये ‘आम्हाला ताटं हवीत’ अशी मोहीम निघाली. रश्श्यावर पापुद्र्याची टोपी ठेवून त्याला ‘पाय’ म्हणणं हा गुन्हा ठरवा, असा अर्ज सरकारदरबारी गेला, त्यावर लोकांनी सह्या केल्या. देशापुढं दुसरे प्रश्न नव्हते काय? नसतील. आपणही चमच्यानं टोपी उचलून बघतोच की खाली बूड आहे का!

आणि एवढा दारूगोळा घेऊन बसलेली ही फौज प्रत्यक्ष रणात काय करते? दुसरा घास तोंडात असताना वाढणारी पोरगी येते आणि हसून विचारते, सगळं ठीक आहे ना? बस्स. टेबलावरची सहाच्या सहा तोंडं एका सुरात: “लव्हली, थँक यू!” वातड बटाटा गालात लपवून. बाबासुद्धा! पोरगी वळली की काकू पर्समधून ठेच्याची बाटली काढतात, टेबलाखालून फिरवतात, आणि त्या पातळ ग्रेव्हीला पहिल्यांदा चव येते. मग गाडीचं दार लागतं आणि तोफा सुटतात. मांस कोरडं, वाटाणे गोड, बिल बघितलंत का, यांचा तोंडाला पानं पुसायचा धंदा नुसता. गाडी महामार्गाला लागेपर्यंत त्या पबाची वीटही शिल्लक राहत नाही.

तेवढ्यात मागच्या सीटवरून सूनबाई मोबाइलमध्ये बघत म्हणते, पुढच्या रविवारी दोनचं टेबल नाही, पावणेबारा आहे नाहीतर साडेचार. आता पावणेबाराला कुणी जेवतं का? “घेऊन टाक,” बाबा म्हणतात, “पिंप तरी ताजं असेल.”