दाढ आणि वजनकाटा

दाताच्या डॉक्टरांकडे आपण तोंड उघडायला जातो. तिथेही आधी चपला काढून वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं, की आमच्यासारख्या भरल्या अंगाच्या माणसाला वाटतं, जुना खटला पुन्हा बोर्डावर आला. गुडघा दुखला, वजन. धाप लागली, वजन. आता जबड्याच्या पार कोपऱ्यात आडवी पडलेली अक्कलदाढ काढायची, तरी वजनच! ती काय श्रीखंड खाऊन वाढली?

पण चौकशी अगदीच फुकट नसते. बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा जास्तीत जास्त डोस किलोमागे मोजतात. म्हणजे इथे जपायचं ते काडीपैलवानाला. आमची गोष्ट अडते ती गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची झाली तर. आखूड मान, गळ्याशी चरबी, त्यात झोपेत श्वास अडकायची खोड असली, की श्वासाची वाट मोकळी ठेवणं जिकिरीचं. म्हणून डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घोरता का?" मी "छे" म्हणालो. सौभाग्यवतींनी डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी लिहून घेतलं.

आपल्याकडे ही दाढ बहुधा खुर्चीतच, जागेपणी काढतात. तिथे वजनापेक्षा मुळं किती वाकडी आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस किती जवळ, हे मोठं. ते एक्स-रेत दिसतं. मग रक्तातली साखर आणि तंबाखू. दोन-चार दिवसांत खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटून हाड उघडं पडलं, तर ठणका कानापर्यंत जातो. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि सिगारेट ओढणारा काटकुळा त्याच्या तावडीत लवकर सापडतो.

आता त्या वजनकाट्याकडे परत. डॉक्टरांनी कागदावर मांडलेला, वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचा हिशेब 19व्या शतकातल्या बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांचा. गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ! त्याला बीएमआय हे नाव मिळालं 1972 साली. 26 आकड्याचा माणूस जागतिक तक्त्यात नुसता 'वजन जास्त'. भारतीयांसाठीच्या तक्त्यात थेट लठ्ठ. मधे एक घासही न खाता!

दाढ निघाली. स्ट्रॉने काही ओढायचं नाही, आज थंड आणि मऊ खा, आइस्क्रीम चालेल, असं डॉक्टरांनी माझा बीएमआय लिहिलेल्या कागदाच्याच पाठीवर लिहून दिलं.

"बिनसाखरेचं मिळतं ना हो, डॉक्टर?" सौभाग्यवतींनी विचारलं.

माझ्या तोंडात बोळा होता.